हेस्टिंग्जनंतर इंग्रज गप्प बसले का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. मध्ययुगीन इंग्लंडचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. १४ ऑक्टोबर १०६६ला हेस्टिंग्जजवळ राजा हॅरॉल्ड पडला आणि एका दिवसात अख्खा देश फ्रान्सच्या नॉर्मंडीतून आलेल्या नॉर्मनांनी गिळला, हे कसं? बाकीचे इंग्रज काय करत होते?

लढत होते. चांगली पाच वर्षं.

नॉर्मनांचा ड्यूक विल्यम याने त्याच नाताळात मुकुट घातला, पण त्याचा खरा अंमल होता तो आग्नेयेकडे. १०६७मध्ये वेल्सच्या सीमेवर एड्रिक हा इंग्रज सरदार वेल्श राजांना हाताशी धरून उठला. १०६८मध्ये एक्झिटरने वेशी लावून घेतल्या. हॅरॉल्डची आई गीथा त्याच शहरात होती. १८ दिवस वेढा सोसून शहर शरण आलं, पण गीथा निसटली. जानेवारी १०६९मध्ये विल्यमने नेमलेला नवा अर्ल, म्हणजे प्रांताचा अधिकारी, उत्तरेतल्या डरहॅममध्ये आपल्या माणसांसकट मारला गेला. सप्टेंबरात डेन्मार्कचं आरमार आलं आणि त्याच्या साथीने बंडवाल्यांनी यॉर्कचे दोन्ही किल्ले घेतले.

मग हरले का? शौर्याची वानवा होती असं मला मुळीच वाटत नाही. हॅरॉल्ड आणि त्याचे दोन भाऊ एकाच दिवशी गेले. गादीचा वारस एडगर अगदी कोवळा. सगळ्यांनी ज्याचं ऐकावं असा माणूसच उरला नाही. एक मुलूख उठायचा तेव्हा दुसरा थंड असायचा. उलट विल्यम जाईल तिथे मातीची टेकडी रचून वर लाकडी बुरूज उभारायचा, आणि ती माती बहुधा तिथल्याच लोकांना उपसायला लावायचा.

आणि त्याने उपासमारीचं हत्यार उपसलं. १०६९–७०च्या हिवाळ्यात उत्तरेत धान्य, गुरं, अवजारं, सगळं जाळून टाकलं. ऑर्डरिक व्हिटॅलिस हा नॉर्मंडीच्या मठातला संन्यासी, एरवी विल्यमची वाखाणणी करणारा. पण इथे त्याची लेखणी अडते. निरपराध लोकांना भुकेने मारणाऱ्याचं कौतुक मी करू शकत नाही, असं तो स्पष्ट लिहितो. एक लाखाहून जास्त मेले हा त्याचा आकडा अक्षरशः घेऊ नये. पण विल्यमने करवलेल्या १०८६च्या ‘डोम्सडे’ या जमीनजुमल्याच्या मोजणीत यॉर्कशायरच्या गावामागून गावापुढे ‘उजाड’ असा शेरा आहे. ती पानं वाचताना माझा जीव आजही कासावीस होतो.

१०७०मध्ये डेन्मार्कचा राजा विल्यमशी तह करून परतला. १०७१मध्ये बंडवाल्यांचं दलदलीतलं ठाणं ईली पडलं, त्यांचा पुढारी हेरवर्ड निसटला, आणि उघड लढाई जवळजवळ संपली.

पण एक कायदा मला त्या लढायांपेक्षा जास्त सांगून जातो. आडवाटेला एखादा माणूस मारलेला सापडला आणि खुनी हाती लागला नाही, तर मेलेला नॉर्मन धरून आसपासच्या सगळ्या गावांवर जबर दंड बसायचा. दंड टाळायचा तर मेलेला इंग्रज होता हे गावकऱ्यांनी सिद्ध करायचं. नॉर्मनांना रानात एकटंदुकटं गाठून मारत असल्याशिवाय असा कायदा कोण करेल? तो थेट १३४०मध्ये रद्द झाला.