ओळ कोण म्हणतंय आणि कुणाला

माझ्याकडे एक डायरी आहे, आठवीत असल्यापासूनची, अण्णांना रेल्वेत मिळालेली. तारखा छापलेल्या होत्या पण त्या मी कधी पाळल्या नाहीत, जे पान उघडेल तिथे लिहायचं. पिक्चरमधला डायलॉग, पुस्तकातलं वाक्य, टीव्हीवर कुणी काही बोलून गेलं ते. पहिल्या पानावर ‘मैं समय हूँ’ आहे. चोप्रांचं महाभारत १९८८ ला सुरू झालं तेव्हाचं, रविवारी सकाळी आमच्या क्वार्टरमध्ये शेजारपाजारचे सगळे येऊन बसायचे आणि तो आवाज आला की लहान पोरंसुद्धा गप्प व्हायची. त्यात काय एवढं होतं हे मला तेव्हा सांगता आलं नसतं, पण लिहून ठेवावंसं वाटलं.

या ओळींनी मला खूप दिलंय. पण दोन वर्षांपूर्वी अण्णांना कॅन्सर निघाला, आतड्याचा, आणि त्या काळात यातलीच एक ओळ मला इतकी लागली की मी डायरी कपाटात टाकून दिली होती.

झालं असं की ऑपरेशनची तारीख ठरली त्याच दिवशी फॅमिली ग्रुपवर एका नातेवाइकांनी राजेश खन्नाचा फोटो टाकला, त्यावर ‘बाबूमोशाय, जिंदगी बड़ी होनी चाहिए, लंबी नहीं’. खाली हात जोडलेले, मग आणखी चौघांचे हात जोडलेले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं हे मला माहितीये. पण अण्णा समोर बसून वरणभात खात होते आणि मला वाटलं की कुणीतरी त्यांना सांगतंय, बास झालं तुमचं, चौऱ्याहत्तर पुष्कळ झाले. आईने काही न बोलता फोन पालथा ठेवला. तोच डायलॉग माझ्या डायरीत हिरव्या शाईने लिहिलेला, भोवती चौकट काढलेली. खूप राग आला, कुणाचा ते कळेना.

चौथ्या केमोनंतर अण्णा म्हणाले, आनंद लाव. मी म्हटलं नको अण्णा, दुसरं काहीतरी बघू, तर म्हणाले अगं १९७१ ला मी तो टॉकीजमध्ये तीनदा बघितलाय, मला सगळं माहितीये, लाव. लावला. रमेश देव आणि सीमाबाई दिसल्या की आई दरवेळी म्हणते तसं ‘आपली माणसं’ म्हणाली, ललिता पवारांची मेट्रन आली तेव्हा पण म्हणाली. मी मात्र तो डायलॉग कधी येतो याचीच धास्ती घेऊन बसले होते.

आणि तो आला तेव्हा मला पहिल्यांदा नीट दिसलं की तिथे आजारी माणूस बोलतोय. डॉक्टरला सांगतोय तो. भास्कर बॅनर्जी खचलेला आहे, आपण याला वाचवू शकत नाही हे त्याला कळलंय, आणि ज्याला मरायचंय तो त्याची समजूत घालतोय. कुणी धडधाकट माणूस पेशंटच्या उशाशी येऊन असं म्हणत नाही. अण्णा म्हणाले, ‘तो स्वतःचं बोलतोय ना, म्हणून शोभतं.’ एवढंच, आणि परत पडद्याकडे बघायला लागले.

शेवटी तर आणखी एक गोष्ट लक्षात आली. ज्याला ती ओळ सांगितली त्या भास्करने ती ऐकून घेतली पण मान्य कुठे केली? तो शेवटपर्यंत धावतोय, इतका मोठा डॉक्टर शेवटी होमिओपॅथीचं औषध आणायला जातो, म्हणजे जिंदगी लांबवायचीच धडपड चाललीये, आणि इकडे आनंद त्याच्याच नावाने हाका मारतोय. गुलजारांनी संवाद लिहिताना हे दोघं समोरासमोर ठेवलेत, ज्याचा जीव जातोय त्याने मोठ्या आयुष्याबद्दल बोलायचं आणि ज्याचं प्रेम आहे त्याने एकेक दिवसासाठी पळायचं. फोटोवर फक्त अर्धा भाग येतो. दुसऱ्या दिवशी मी डायरी काढली आणि त्या चौकटीशेजारी पेन्सिलने लिहिलं: आनंद, डॉक्टरला.

मग सवयच लागली, एकेका ओळीपुढे कोण कुणाला म्हणतंय ते लिहायची. त्यात आजीची आठवण निघाली. आजी असोद्याजवळच्या गावची, बहिणाबाईंचं माहेर असोदा, त्यामुळे आजीसाठी त्या कवयित्री वगैरे नंतर, आधी आपल्या भागातली बाई. माझी मावसबहीण सासरचा मार खाऊन माहेरी आली होती आणि तिला परत पाठवायचं की नाही यावर बैठक बसलेली, त्यात एका मोठ्या माणसाने शांतपणे म्हटलं, ‘अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर, आधी हाताला चटके तव्हा मिळते भाकर.’ सगळ्यांनी माना हलवल्या. आजी चुलीपाशी होती, ती तिथूनच म्हणाली, ‘बहिनाबाईनं सोताच्या हाताचं सांगलं, दुसऱ्याच्या पोरीचा हात तव्यावर धराले नही सांगलं.’ बहीण परत गेली नाही.

मला तेव्हा आजी जोरात बोलली एवढंच कळलं होतं. नंतर बहिणाबाईंबद्दल वाचलं. तेराव्या वर्षी लग्न, तिसाव्या वर्षी नवरा गेला, पदरात मुलं, अक्षरओळख नाही. जात्यावर, शेतात कामं करताना जे सुचलं ते म्हणायचं, आणि त्यातलं जेवढं मुलाने, सोपानदेवांनी, आणि मावसभावाने टिपून ठेवलं तेवढं उरलं. त्या गेल्या १९५१ ला आणि पुस्तक आलं १९५२ ला, अत्र्यांनी ती वही बघून बावनकशी सोनं म्हटलं म्हणून. म्हणजे ती ओळ म्हणताना समोर ऐकणारं कुणी असेलच असं नाही, ती बाई स्वतःशी बोलतेय, स्वतःच्या भाजलेल्या बोटांशी. त्यातून तिने संसाराला खोटं न म्हणायचं ठरवलं तर तो तिचा अधिकार. तीच ओळ मार खाल्लेल्या मुलीला ऐकवली की तिचा अर्थच उलटा होतो.

श्यामच्या आईचं ‘पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसाच मनाला घाण लागू नये म्हणूनही जप’ हे तर शाळेच्या भिंतीवर वाचलेलं. पुस्तक परत काढून बघितलं, तर ती आधी मुलाचा हट्ट पुरवते, ओल्या पायांना माती लागू नये म्हणून धोंड्यावर स्वतःचे ओचे पसरते, श्याम त्यावर पाय ठेवतो आणि मग ती बोलते. ओचे भिंतीवर कुणी लिहिले नाहीत.

आणि शेवटची कुसुमाग्रजांची ‘कणा’. ही मला सगळ्यात जास्त महत्त्वाची आहे. ‘लढ’ हा शब्द आम्हाला त्या वर्षभरात इतक्यांनी पाठवला, लढा अण्णा, यू आर अ फायटर, आणि मला कळायचं नाही की रात्री दोनला उलटीचं भांडं धरून बसलेला माणूस आणखी कसा लढणार आहे. कविता पूर्ण वाचा. पुराने घर नेलेला तो मुलगा सरांकडे येतो तेव्हा आधीच लढतोय, बायकोला घेऊन पडकी भिंत बांधतोय, चिखलगाळ काढतोय. सरांचा हात खिशाकडे जातो तर तो हसत उठतो, पैसे नकोत सर, जरा एकटेपणा वाटला. लढ हा शब्द तो स्वतः मागून घेतो, आणि तोही पाठीवर हात ठेवून. सर त्याला आपणहून काहीच सांगत नाहीत.

पाचव्या केमोच्या वेळी माझा कॉलेजचा एक मित्र वॉर्डच्या दारात आला, हातात पाकीट होतं, काय बोलावं त्याला सुचत नव्हतं आणि तो ते पाकीट माझ्या हातात कोंबून निघायच्या बेतात होता. मी म्हटलं पैसे नकोत रे, थोडा वेळ बस ना. तो बसला. अण्णा झोपलेले, सलाइन चालू, आम्ही दोघं खिडकीपाशी स्टुलांवर. फार काही बोललो नाही, त्याच्या मुलाची दहावी, भुसावळचं ऊन, एवढंच. चारच्या सुमारास अण्णा जागे झाले आणि त्यांनी विचारलं, हा कोण, कधी आला, ह्याला चहा दिला का.