फुटपाथवर बोर्ड ठेवायचाय? आधी टेप घ्या

दुकानाबाहेर फुटपाथवर जो घडीचा बोर्ड उभा असतो ना, दोन फळ्या वर बिजागरीने जोडलेल्या आणि खाली पाय फाकलेले, कोणी त्याला ए-बोर्ड म्हणतं कोणी स्टँडी म्हणतं, त्याला पालिकेची परवानगी लागते असं सांगितलं की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला, अहो एवढ्याशा बोर्डाला कसली परवानगी? प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर कोणी धड देत नाही, एक फॉर्म हातात देतात आणि मोकळे होतात, म्हणून हे लिहितोय.

फुटपाथ दुकानासमोर असला तरी दुकानाचा नसतो, दुकानाचा हक्क उंबरठ्याशी संपतो आणि पुढे सगळा सार्वजनिक रस्ता सुरू होतो. इंग्लंडच्या १९८० च्या हायवेज अ‍ॅक्टमध्ये कलम १३७ आहे, अधिकार नसताना जाणूनबुजून रस्त्यात अडथळा केला तर तो गुन्हाच. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यातलं कलम ३१४ तर आयुक्तांना रस्त्यावर विनापरवानगी ठेवलेली वस्तू नोटीस न देता उचलायची मुभा देतं. म्हणजे परमिट मिळतं ते लोकांची जागा काही तास वापरायला मिळतं, आणि रस्त्याचं काम निघालं किंवा तक्रार आली तर ते रद्दही होऊ शकतं, हे डोक्यात ठेवूनच बोर्डावर पैसे घालावेत.

आता नियम. शहर बदललं की तपशील बदलतो पण जिथे जिथे अशी परमिटं देतात तिथले अर्ज वाचले तर गाभा बराचसा सारखाच दिसतो: एका दुकानाला एकच बोर्ड, तोही स्वतःच्या दुकानापुढेच, शेजारच्याच्या नाही. लाइट नको, हलणारं फिरणारं काही नको, फुगे झेंडे नकोत, झाडाला किंवा खांबाला साखळीने बांधायचा नाही, दुकान बंद झालं की बोर्ड आत. कोपऱ्यावर नको कारण वळणाऱ्या गाडीला रस्ता ओलांडणारं माणूस दिसलं पाहिजे, आणि बसस्टॉप, फायर हायड्रंट, व्हीलचेअरचा उतार यांच्यापुढे तर अजिबातच नको. बऱ्याच ठिकाणी विम्याचा कागदही मागतात, बोर्ड वाऱ्याने पडून कोणाला लागलं तर भरपाई कोणाकडून घ्यायची यासाठी. ही अट छोट्या दुकानदाराला जड जाते हे मान्य, पण वाऱ्याने आडवा झालेला बोर्ड म्हणजे मधोमध पडलेली फळीच, म्हणून ती निरर्थक आहे असं मी म्हणणार नाही.

पण हे सगळं एकीकडे आणि मोकळी रुंदी एकीकडे. माझ्या मते अख्ख्या परमिटमध्ये जीव आहे तो या एका आकड्यात. बोर्ड ठेवल्यावर चालायला किती जागा उरली? अमेरिकेत अपंगांसाठीच्या एडीए कायद्याच्या मानकांमध्ये चालायच्या वाटेची किमान रुंदी ३६ इंच आहे, आणि तिथेच २०२३ मध्ये सार्वजनिक रस्त्यांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आली त्यात ती ४८ इंच झाली. ब्रिटनची सरकारी मार्गदर्शिका म्हणते साधारणपणे २ मीटर ठेवा, नाहीच जमलं तर दीड, आणि अगदी अडथळ्यापाशी थोड्या अंतरापुरता १ मीटर. आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांच्या सोयींसाठीची मार्गदर्शिका आहे, आयआरसी १०३, तिच्या २०१२ च्या आवृत्तीत किमान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच इतकी अडथळाविरहित वाट सांगितलीय. आता एक दोन मीटरचा फुटपाथ घ्या, त्यात दोन फूट रुंदीचा बोर्ड आडवा ठेवा आणि करा हिशोब, उरतात जेमतेम १.४ मीटर. म्हणजे आपल्या मानकाप्रमाणे त्या फुटपाथवर तो बोर्ड बसतच नाही!

आणि मोजायचं कसं यातही गोची आहे. भिंतीपासून फुटपाथच्या कडेपर्यंत टेप लावायची आणि एवढे मीटर आहेत म्हणून सांगायचं, असं नाही चालत. बोर्ड उघडून पूर्ण पाय फाकवून ठेवायचा, त्याच्या सगळ्यात बाहेरच्या टोकाला टेप धरायची आणि समोर जे पहिलं आडवं येतं तिथपर्यंत मोजायचं, मग ते झाडाचं आळं असो, विजेचा डीपी असो, पार्किंगचा खांब असो किंवा शेजाऱ्याचा बोर्ड. उरतं ते खरं अंतर. अर्जाला नकाशा जोडायला सांगतात तो याच्यासाठी, आणि तो हाताने काढलेला चालत असेल तिथेही आकडे मात्र खरे टाका.

यातली सगळ्यात कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे पांढरी काठी. काठी घेऊन चालणारा माणूस काठी जमिनीलगत डावीउजवीकडे फिरवत पुढे जातो, समोर काय आहे ते काठीच्या टोकाला लागलं तर त्याला कळतं. ए-बोर्ड बाजूने उघडा असतो. काठी दोन पायांच्या मधल्या पोकळीत शिरते, टोकाला काहीच लागत नाही, आणि पुढच्या पावलाला नडगी फळीच्या कडेवर आपटते. काठी अडकली आणि माणूस चालतच राहिला तर काठीची मूठ पोटात बसते ती वेगळीच. म्हणून खाली दोन्ही बाजूंना आडवी पट्टी असलेला बोर्ड घ्यावा, काठीला लागेल इतकी खाली. शिवाय बोर्डाची जागा रोज बदलू नये. रोजच्या वाटेवरचा खांब पाठ होऊन जातो कारण तो खांब काल तिथेच होता, पण आज इथे उद्या तिथे असा बोर्ड पाठ कसा करणार? परमिट देताना पालिकेने जमिनीवर रंगाने चार कोपरे आखून द्यावेत असं मला फार मनापासून वाटतं, तपासणीलाही सोपं जाईल, बोर्ड चौकटीत आहे की नाही एवढंच बघायचं.

बोर्डावर काय लिहायचं यावर पालिकेने किती बोलावं हा आणखी एक विषय. अमेरिकेत ॲरिझोनामधल्या गिल्बर्ट नावाच्या गावाचा खटला थेट सुप्रीम कोर्टात गेला होता. एका छोट्या चर्चकडे स्वतःची इमारत नव्हती, प्रार्थना कधी इथे कधी तिथे, म्हणून ते रस्त्याकडेला तात्पुरते दिशादर्शक बोर्ड लावायचे. गावाच्या नियमात अशा बोर्डाला फक्त ६ चौरस फूट आणि कार्यक्रमाच्या १२ तास आधीपासून १ तास नंतरपर्यंतची मुदत, आणि वैचारिक मजकुराच्या बोर्डाला मात्र २० चौरस फूट, तोही मुदतीच्या बंधनाशिवाय! २०१५ मध्ये कोर्टाने एकमताने चर्चच्या बाजूने निकाल दिला, मजकूर बघून असा भेद करता येणार नाही म्हणून. मला यातून पटतं ते हे की नियम आकाराचा करा, जागेचा करा, वेळेचा करा, ज्याला ठेच लागते त्याला बोर्डावर सेल लिहिलंय की कार्यक्रमाचा पत्ता याने काही फरक पडत नाही.

आता बंदीचं. स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहराने ५ नोव्हेंबर २०१८ पासून शहरभर ए-बोर्ड बंद केले. व्हीलचेअरवाल्यांच्या आणि दृष्टिहीनांच्या बाजूने बघितलं तर निर्णय समजतो, गर्दीच्या अरुंद रस्त्यावर मीही तेच म्हणेन. पण आतल्या गल्लीत, जिन्यावर किंवा तळघरात दुकान असलेल्या माणसाला तो बोर्ड हाच रस्त्यावरचा चेहरा असतो, तो काढला की वरती दुकान आहे हेच कोणाला कळत नाही. अशांसाठी सरसकट बंदीच्या आधी दुसरे पर्याय बघायला हवेत, गल्लीच्या तोंडाशी पालिकेनेच एक पक्का फलक लावावा आणि त्यावर आतल्या सगळ्या दुकानांची नावं द्यावीत, किंवा भिंतीला काटकोनात लागणारी छोटी पाटी डोक्याच्या वर नीट उंचीवर मंजूर करावी. ती जमिनीवरची जागाच खात नाही.

आणि परमिट द्यायचं ठरलंच तर ते मिळायला सोपं हवं, एक पानाचा अर्ज, एक नकाशा, बोर्डाचा फोटो आणि बोर्डावरच चिकटवायचा परमिट नंबरचा स्टिकर, म्हणजे वाटेत आडव्या आलेल्या बोर्डाची तक्रार करणाऱ्याला नंबर वाचून सांगता येईल. अर्ज महिनोन्महिने पडून राहिला तर प्रामाणिक दुकानदार वाट बघत बसतो आणि बाकीचे बिनधास्त बोर्ड मांडतात, मग कारवाईच्या दिवशी गाडी येते तेव्हा दोघांना एकच माप लागतं. अर्ज करणाऱ्यांना एवढंच सांगेन की पोचपावती घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका आणि मंजुरी हातात येईपर्यंत बोर्ड उंबरठ्याच्या आतच ठेवा.