मॅच शाहू स्टेडियमवर, मैदान मोबाईलवर

कोल्हापुरातल्या फुटबॉल मॅचच्या आमच्या अ‍ॅनिमेशनमध्ये खेळाडूला चेहरा नाही. जर्सीच्या रंगाचा गोल, त्यावर नंबर, आणि हिरव्या मैदानावर पळणारा पांढरा ठिपका म्हणजे बॉल. तरीही पाटाकडील आणि दिलबहार हे तालमींचे संघ समोरासमोर आले की नोकरीसाठी बाहेर गेलेली पेठेतली पोरं मॅच संपेपर्यंत हे बघत राहतात. नेट कमी असलं तरी ते अडकत नाही, कारण आम्ही व्हिडिओ पाठवतच नाही. कोणता खेळाडू कुठं आहे, एवढे आकडे जातात. चित्र त्यांच्याच मोबाईलवर तयार होतं.

मी आणि माझा मावसभाऊ मंगळवार पेठेत लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचो. 2022 च्या फुटबॉल वर्ल्डकपला ऑफसाईडचं अ‍ॅनिमेशन बघितलं आणि डोक्यात किडा शिरला. तिथं छताखाली 12 कॅमेरे, प्रत्येक खेळाडूच्या अंगावरचे 29 बिंदू सेकंदाला 50 वेळा टिपलेले, बॉलमध्ये सेन्सर. आमच्याकडे गॅलरीत स्टँडवर लावलेले दोन कॅमेरे.

गॅलरीतून मैदान तिरकं दिसतं. पेनल्टी बॉक्सच्या कोपऱ्यांसारखे चार ठरलेले बिंदू सॉफ्टवेअरला सापडले, की गणितानं ते वरून बघितल्यासारखं सरळ करता येतं. पण सेकंड हाफपर्यंत बुटांखाली रेषांची पांढरी फक्की पुसट होते आणि कोपरे हरवतात. म्हणून आता गोलपोस्टचा पाया आणि कॉर्नरचा झेंडाही धरून ठेवतो. उन्हं कलली की लांब सावल्यांनाही सॉफ्टवेअर माणूस समजायचं. ते सुटायला अख्खा सीझन गेला.

कॉर्नर किक हा सगळ्यात अवघड क्षण. बॉक्समध्ये गर्दी, धक्काबुक्की, एकमेकांच्या आड गेलेले नंबर. तिथं आमचा एक मुलगा कीबोर्डवर बसतो. तो स्वतः तालमीच्या संघातून खेळलेला आहे. पळण्याच्या ढबीवरून खेळाडू ओळखतो आणि अदलाबदल झालेले नंबर जागच्या जागी दुरुस्त करतो. बॉल पायांत दडला की आमचा ठिपका फिका होतो. अंदाजानं दाखवा, बघायला बरं वाटतं, असा आग्रह एका आयोजकांनी धरला होता. आम्ही नाही म्हणालो, ते काम गेलं. इथं एका गोलवरून पेठा रात्रभर वाद घालतात. कॅमेऱ्याला न दिसलेला बॉल आम्ही गोललाईनच्या आत दाखवणं मला पटत नाही.

खर्च निघतो तो स्कोअरखालच्या स्थानिक दुकानांच्या जाहिरातींवर. तालमींना मॅचनंतर प्रत्येक खेळाडू कुठं कुठं पळाला त्याचा नकाशा देतो. त्याचे पैसे घेत नाही, घेणारही नाही.

सध्या कबड्डी हातात घेतली आहे. पुरुषांचं मैदान 13 बाय 10 मीटर, चढाई 30 सेकंदांची. जागा कमी म्हणून सोपं जाईल असं कुणालाही वाटेल. पण कबड्डीत गुण स्पर्शाचा, आणि आमच्या जर्सीच्या रंगाच्या गोलाला हात नसतो. त्यामुळे चढाईपटू आणि त्याच्या जवळचे बचावपटू काडीच्या माणसांसारखे काढून बघतोय. बोनस रेषेवरचा पाय आता नीट दिसतो, पकडीतला ढीग अजून नाही.