विंग नसलेल्या गाडीपासून: फॉर्म्युला लेजेंड्सचा स्टोरी मोड पार करताना

फॉर्म्युला लेजेंड्समधल्या गाड्या खेळण्यातल्यासारख्या दिसतात. आखूड अंग, प्रमाणाबाहेर मोठी चाकं, कॉकपिटमधून वर आलेलं ड्रायव्हरचं हेल्मेट. मिलानच्या थ्रीडीक्लाउड्स या स्टुडिओने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेला हा आर्केड रेसिंग गेम आहे. फॉर्म्युला वनचा अधिकृत परवाना त्याच्याकडे नाही, त्यामुळे ड्रायव्हरांची नावं खोडकरपणे वाकवलेली आहेत. रविवारी शर्यती बघणाऱ्याला नाव वाचताच माणूस कळतो आणि हसू येतं. स्टोरी मोड १९६० च्या दशकात सुरू होऊन आजच्या काळापर्यंत येतो. तो मी सरळ क्रमाने, मधलं काही न गाळता पूर्ण केला. त्यात काय काय शिकावं लागलं, आणि त्याहून जास्त काय काय विसरावं लागलं, ते इथे लिहितोय.

बरेच जण गेम उघडला की आधी नवी गाडी पळवून बघतात. माझं मत उलट आहे. जुन्या गाडीला हात घालायची हिंमत नव्या गाडीनंतर होत नाही, कारण नवी गाडी फार लाड करते.

साठच्या दशकातल्या गाडीला विंग (हवेच्या जोरावर गाडीला खाली दाबणारा पंख) नाही, टायर अरुंद, आणि इंजिन मात्र ताकदवान. १९६७ मध्ये नेदरलँड्सच्या झांडफोर्टला लोटस ४९ पहिल्यांदा उतरली तेव्हा तिच्यातल्या कॉसवर्थ डीएफव्ही इंजिनाची ताकद सुमारे ४०० अश्वशक्ती होती. जिम क्लार्कने ती पहिलीच शर्यत जिंकली. एवढी ताकद रस्त्यावर उतरवायला होते फक्त दोन मागचे टायर, गाडीला खाली दाबणारं दुसरं काहीच नाही. गेममध्ये ही गोष्ट सोपी करून दिली आहे, पण लपवलेली नाही. उजवा ट्रिगर, म्हणजे कंट्रोलरवरचा अ‍ॅक्सिलरेटर, पूर्ण दाबून वळणातून बाहेर पडायला गेलं की शेपूट सुटते.

इथे मला उपयोगी पडलेली पद्धत अशी: ब्रेक सरळ रेषेतच संपवायचा. वळणात शिरताना ट्रिगर एकदम न सोडता किंचित धरून ठेवायचा, म्हणजे गाडीचं वजन झटक्याने पुढे जात नाही आणि मागची चाकं जमीन सोडल्यासारखी वागत नाहीत. अपेक्स, म्हणजे वळणाच्या आतल्या कडेला सर्वांत जवळ जायचा बिंदू, जरा उशिरा घ्यायचा. आणि बाहेर पडताना ट्रिगर गाडी जशी सरळ होत जाईल तसतसा दाबायचा. स्टिक आणि ट्रिगर दोन्ही एकाच वेळी टोकाला कधीच न्यायचे नाहीत. हे एकदा बोटांत बसलं की त्या काळच्या शर्यती झपाट्याने सुटतात, कारण वळणातून नीट बाहेर पडणं हीच तिथली निम्मी शर्यत आहे.

उरलेली निम्मी स्लिपस्ट्रीम. समोरच्या गाडीने हवा फाडलेली असते, तिच्या मागे चिकटून राहिलं की फुकटचा वेग मिळतो. लांब सरळ रस्त्यांच्या जुन्या सर्किटांवर मी शेवटच्या लॅपला पहिलं असणं मुद्दाम टाळायला लागलो. शेवटच्या वळणातून दुसऱ्या क्रमांकावर बाहेर यायचं आणि रेषेच्या आधी बाजूला सरकायचं. ही काही माझी युक्ती नव्हे. १९७१ मध्ये इटलीतल्या मोन्झाला पीटर गेथिन ०.०१ सेकंदाने जिंकला आणि पहिल्या पाच गाड्या ०.६१ सेकंदात रेषा ओलांडून गेल्या, त्या याच खेळामुळे. त्या शर्यतीचा सरासरी वेग ताशी २४२ किलोमीटरच्या वर होता आणि हा विक्रम २००३ पर्यंत टिकला. पुढच्याच वर्षी मोन्झावर शिकेन (वेग कमी करायला लावणारी नागमोडी वळणं) बसवली गेली.

मग विंग येतात, आणि खरा त्रास तिथे सुरू होतो.

साठच्या दशकातली गाडी तुमच्या अंगात एक भीती मुरवते: वेग वाढला की पकड कमी, म्हणून शंका आली की ट्रिगर सोडा. विंगवाल्या गाडीचा हिशोब याच्या नेमका उलटा. विंग हवेच्या जोरावर गाडीला जमिनीवर दाबते, आणि तो दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वेग दुप्पट, तर दाब चौपट. म्हणजे वेगवान वळणात घाबरून ट्रिगर सोडला तर जी पकड तुम्हाला वाचवणार होती तीच तुम्ही काढून घेता. डोक्याला हे पाच मिनिटांत पटतं. अंगठ्याला आणि तर्जनीला पटायला अख्ख्या स्टोरी मोडमधला सगळ्यात जास्त वेळ गेला. शेवटी मी चॅम्पियनशिप बाजूला ठेवली, एकच वेगवान वळण निवडलं आणि प्रत्येक लॅपला तिथे थोडा उशिरा ट्रिगर सोडत गेलो, जोपर्यंत तो सोडायची गरजच उरली नाही.

खऱ्या ड्रायव्हरांना हे शिकताना गेमसारखं रीस्टार्टचं बटण नव्हतं, हे मध्येच आठवत राहतं. १९६८ मध्ये बेल्जियमच्या स्पाला फेरारी आणि ब्रॅबहॅम या संघांच्या गाड्या मागच्या विंग लावून आल्या. वर्षभरात त्या विंग उंच, काटकुळ्या दांड्यांवर चढल्या. १९६९ मध्ये बार्सेलोनाच्या माँतहुइकवर ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या दोघांच्याही लोटसच्या विंग मोडल्या आणि दोघांचेही भयंकर अपघात झाले. पुढच्या मोनॅको शर्यतीच्या वेळीच उंच विंगांवर बंदी आली. वेगाची कल्पना एका वर्षी येते, तिची किंमत पुढच्या वर्षी कळते आणि नियम त्यानंतर येतो. हा क्रम पुढे प्रत्येक दशकात दिसत गेला.

सत्तरच्या दशकात मी गेमपेक्षा वाचनात जास्त अडकलो, हे सांगायला हवं. शर्यत संपली की त्या काळच्या खऱ्या गाड्या शोधायच्या, अशी सवय लागली. टायरेलची सहा चाकांची पी३४ त्यातच सापडली: पुढची चार चाकं इवलीशी, म्हणजे पुढच्या विंगच्या आडोशाला लपून हवेला कमी अडवतील. कागदावरची गंमत वाटते, पण १९७६ मध्ये स्वीडनच्या अँडरस्टोर्पला तिने पहिला आणि दुसरा, दोन्ही क्रमांक घेतले. दोनच वर्षांनी त्याच सर्किटवर निकी लाउडा ब्रॅबहॅमच्या पंखेवाल्या गाडीत जिंकला. गाडीच्या मागे भलामोठा पंखा, सांगायला इंजिन थंड करण्यासाठी, प्रत्यक्षात गाडीखालची हवा खेचून तिला रस्त्याला चिकटवण्यासाठी. तेवढीच शर्यत धावून ती गाडी कायमची घरी गेली. आणि या सगळ्यांपेक्षा शहाणी कल्पना लोटसची: गाडीचा तळच उलट्या विंगसारखा घडवायचा आणि बाजूंना झालरी लावून खालची हवा कोंडायची. हा ग्राउंड इफेक्ट. १९७८ मध्ये मारिओ आंद्रेत्ती त्याच्या जोरावर विश्वविजेता झाला. १९८३ पासून सपाट तळ सक्तीचा झाला आणि तो दरवाजा बंद.

एवढं वाचून परत गेममध्ये गेलं की त्या ठेंगण्या गाड्या वेगळ्या दिसायला लागतात. त्यांच्या अंगावरचा प्रत्येक फरक, वाढलेली विंग, रुंद झालेला टायर, कोणाच्या तरी भांडणाचा निकाल असतो.

सर्किटांचंही तसंच. एकच सर्किट काळ बदलला की नव्या आकारात समोर येतं. आधी खूप आवडलं, मग चिडचीड झाली, मग पुन्हा आवडलं. चिडचीड अशासाठी की पाठ झालेल्या ब्रेकच्या जागा दगा देतात. डोळ्यांना ओळखीचा रस्ता दिसतो, बोटं सवयीने जोरात निघतात आणि समोर नवीन शिकेन उभी. प्रत्येक काळाची पहिली शर्यत मी जिंकायचीच नाही असं ठरवून टाकलं. त्या शर्यतीत फक्त बघायचं: कुठे रस्ता तोडलाय, कुठे वळण घट्ट केलंय, बाहेर निघालं तर पुढे काय आहे. खऱ्या जगात हे बदल किती मोठे होते याचा अंदाज आकड्यांवरून येतो. स्पाची जुनी फेरी १४ किलोमीटरची होती, गावांमधून आणि शेतांमधून जाणारी. १९८३ मध्ये फॉर्म्युला वन तिथे परतलं तेव्हा ती ७ किलोमीटरच्या आसपास उरली होती. होकेनहाइमचे जंगलातले लांब सरळ रस्ते २००२ मध्ये कापले गेले आणि त्या जागी पुन्हा झाडं लावली. सुरक्षेसाठी काही बदल आवश्यकच होते. होकेनहाइमचं मात्र मला अजूनही वाईट वाटतं.

ऐंशीच्या दशकापुढे शर्यत फक्त बोटांची राहत नाही, हिशोबाची होते. टायर झिजतात, इंधन आणि गाडीची मोडतोड बघावी लागते, हवामान मध्येच बदलतं. पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायला थांबायच्या जागी, गेलं की छोटा बटणांचा खेळ येतो: योग्य क्षणी दाबलं तर गाडी लवकर सुटते, चुकलं तर क्रू ताटकळतो. सुरुवातीला तो पोरकट वाटू शकतो, पण तो शांत हाताने खेळायला शिकणं म्हणजे ट्रॅकवर एक गाडी मागे टाकण्याइतकीच कमाई आहे. माझी पद्धत साधी होती. पिटच्या गल्लीत शिरताना ट्रॅकवरचा नकाशा, मागचा माणूस, उरलेल्या लॅप, यांतलं काहीही बघायचं नाही. नजर फक्त बटणाच्या खुणेवर. खऱ्या पिटमध्येही प्रत्येक माणसाला एकच काम असतं, म्हणून तर २०२३ मध्ये कतारला मॅक्लारेनने १.८० सेकंदात चारही टायर बदलले.

पावसात मात्र पद्धत चालत नाही, अंदाज लागतो. पाऊस सुरू झाला की सगळेच आत येतात, त्यात फायदा काही नसतो. फायदा आहे तो परत येताना, रस्ता वाळत असताना. वाळत्या रस्त्यावर पावसाळी टायर तापून लवकर संपतात, आणि जो एक लॅप आधी कोरडे टायर लावतो त्याला पुढच्या लॅपला इतरांपेक्षा मोठी आघाडी मिळते. अर्थात पाऊस पुन्हा आला तर तोच माणूस सगळ्यात आधी बाहेर फेकला जातो. मी बहुतेक वेळा जोखीम घेतली, कारण पाचव्या क्रमांकावर सुरक्षित राहून चॅम्पियनशिप जिंकता येत नाही.

ड्रायव्हर निवडतानाही याच अंगाने बघितलं तर बरं. प्रत्येकाची काहीतरी खासियत असते आणि नाव ओळखीचं वाटलं म्हणून आवडत्या माणसाला घ्यायचा मोह होतो. मोह आवरा. जिथे तुमची बोटं कच्ची आहेत तिथे मदत करणारा घ्या.

नव्वदच्या आणि दोन हजारच्या दशकांतून मी भरभर पुढे गेलो. या गाड्या हलक्या, झटपट वळणाऱ्या, आणि विंगचा धडा आधीच गिरवलेला असल्याने अडलं काही नाही. खऱ्या इतिहासात १९९८ ते २००८ टायरवर खाचा होत्या, १९९४ ते २००९ शर्यतीत इंधन भरता येत होतं, आणि तिथे निकाल बराचसा पिटच्या भिंतीवर, म्हणजे तिथे बसलेल्या संघाच्या डावपेचांवर, लागायचा. टीव्हीवर तो काळ मी सगळ्यात जास्त बघितला, तरी खेळताना तोच सगळ्यात कमी लक्षात राहिला.

शेवटचा, आजचा काळ सर्वांत वेगवान आहे आणि चालवायला सर्वांत सोपा. गाडी इतकी चिकटून असते की पहिल्या काळात ज्या वळणाला श्वास रोखला जायचा तिथे आता स्टिक ढकलून मोकळं व्हायचं. अडचण फक्त एक: सगळ्यांनाच सोपं असल्यामुळे पुढचा चुकत नाही. मग ओव्हरटेकसाठी त्याच्या टायरची झीज, पिटची वेळ आणि ब्रेकची जागा यांवर विसंबावं लागतं. खऱ्या फॉर्म्युला वनने २०११ मध्ये डीआरएस आणलं ते याच कोंडीतून: समोरच्याच्या एका सेकंदाच्या आत असाल तर मागची विंग उघडा आणि हवेचा अडसर कमी करा. २०२२ मध्ये ग्राउंड इफेक्टही परत बोलावला, म्हणजे ३९ वर्षांपूर्वी बंद केलेला दरवाजा पुन्हा उघडला.

हा टप्पा मी हिशोबाने काढला. पहिल्या लॅपला कोणाशी झुंजायचं नाही, टायर वाचवायचे, मधल्या टप्प्यात इतरांच्या आधी पिट करायचा आणि ताज्या टायरवर मोकळ्या रस्त्यावर वेळ काढायचा. शेवटची चॅम्पियनशिप अशीच, ट्रॅकवर फारशी झटापट न करता हातात आली. जिंकल्याचं समाधान झालं. मजा म्हणाल तर सत्तरच्या सुरुवातीच्या गाडीत जास्त आली होती, जेव्हा विंग नवीन होती आणि तिच्यावर विश्वास ठेवावा की नाही हे बोटांना अजून ठरवता येत नव्हतं.

आता अवघडपणाची पातळी वाढवून पुन्हा सुरू केलंय. या वेळी नव्या गाड्यांपर्यंत जायची घाई नाही. तसंही २०२६ च्या नियमांत डीआरएस गेलं आणि विंग सरळ रस्त्यावर स्वतःचा कोन बदलू लागल्या, त्यामुळे गेममधला ‘आज’ही इतिहासाच्या रांगेत जाऊन बसला आहे.