रिठा, खोबरेल आणि माझे ओढलेले गाल

त्वचेच्या डॉक्टर मॅडमनी माझ्या फेसवॉशची बाटली उलटी केली, मागची बारीक अक्षरं वाचली आणि एका नावावर बोट ठेवलं: सोडियम लॉरिल सल्फेट, म्हणजे फेस आणून मळ काढणारं रसायन. पुढच्या बाजूला हिरवी पानं आणि ‘वनस्पतीजन्य’ असं ठळक छापलेलं. मी विचारलं, मग हे खोटं का? "खोटं नाही हो," त्या म्हणाल्या, "हेही खोबरेलापासून नाहीतर पामच्या बियांच्या तेलापासूनच करतात. त्वचेला मात्र ते झोंबू शकतं."

माझे गाल पावसाळ्यातल्या दमट हवेतही ओढल्यासारखे राहायचे, नाकाच्या कडेला पापुद्रे निघायचे. काही आठवडे फेसवॉश बंद करून फक्त पाणी वापरल्यावर ते शांत झाले. पण संध्याकाळी लोकलमधून उतरल्यावर घाम, धूळ आणि सनस्क्रीनचा थर नुसत्या पाण्याने निघतो थोडाच!

आईचं उत्तर तयार होतं: रिठा. दादरच्या काष्ठौषधींच्या दुकानातून आणला, बिया काढल्या, साली रात्रभर भिजवून सकाळी कुस्करल्या. फेस आला की पहिलं समाधान मिळतं, खरं सांगते. हा फेस सॅपोनिनचा. त्याच्या रेणूचा एक भाग साखरेचा, तो पाण्याकडे ओढतो. दुसरा तेलाला धरतो. पीएच म्हणजे आम्लतेचं माप, 7 च्या खाली आम्ल, वर अल्क. साबणाचा पीएच साधारण 9 ते 10, चेहऱ्याच्या त्वचेचा 5 च्या आसपास. पीएच मोजायच्या माझ्या कागदी पट्टीवर रिठ्याचं पाणी आम्लाच्या बाजूला दिसलं. शिवाय बिल्डिंगमध्ये टँकरचं जड पाणी येतं तेव्हा साबणाचा चिकट थर बादलीला बसतो, रिठ्याचा बसत नाही.

अडचणी दोन. एक, डोळ्यात थेंब गेला तर तोंडावर पाणी मारत बसावं लागतं, इतकी आग. दुसरी, मुंबईच्या उकाड्यात ते पाणी बाहेर ठेवलं की दुसऱ्या दिवशी आंबूस वास. रोज रात्री साली भिजवणं नोकरी करणाऱ्या बाईला जमत नाही, हे आईला पटवायला मात्र वेळ लागला. शेवटी तिने तो रिठा आपल्या रेशमी साड्यांसाठी ठेवून घेतला.

मग मी डेसिल ग्लुकोसाइड हे मळ काढणारं द्रव्य मागवलं. तेही वनस्पतीजन्यच: खोबरेलासारख्या तेलातून मिळणारं दहा कार्बनचं फॅटी अल्कोहोल आणि मक्याच्या स्टार्चमधलं ग्लुकोज. सल्फेटच्या मानाने बरंच सौम्य. पण कॅनमधून येतं तेव्हा ते चांगलंच अल्कधर्मी असतं, पीएच 11 च्या वर, आणि हे विकणारा सांगेलच असं नाही. शंभर ग्रॅममध्ये 20 ग्रॅम ते, थोडं ग्लिसरीन, बाकी डिस्टिल्ड वॉटर. मग लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, चिमूटचिमूट घालत पट्टी 5 च्या खाली येईपर्यंत ढवळत बसायचं. हा भाग कंटाळवाणा आहे, पण तोच महत्त्वाचा. सोडियम बेंझोएटही याच आम्लतेत नीट टिकाऊपणा देतं. ते घालायचं नसेल तर थोडंसंच करून फ्रिजमध्ये ठेवावं आणि लवकर संपवावं.

फेस मोठा येत नाही, पहिल्यांदा धुताना चेहरा स्वच्छ झालाच नाही असं वाटतं. पण रात्री गाल ओढत नाहीत. सनस्क्रीन जाड असेल तेव्हा आधी तिळाचं तेल चोळून पुसते, मग हे.

धाकट्या बहिणीने बाटली मागितली. तिला आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघायला सांगितलं, कारण डेसिल ग्लुकोसाइड ज्या गटातलं आहे तो गट, अल्किल ग्लुकोसाइड, 2017 साली अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्माटायटिस सोसायटीने ‘वर्षाचा ॲलर्जन’ (ॲलर्जी आणणारा पदार्थ) म्हणून निवडला होता. तिला खाज उठली. आता ती तिच्या डॉक्टरांनी सुचवलेलं बिनवासाचं क्लीन्झर वापरते, आणि त्याच्या बाटलीवर एकही पान छापलेलं नाही.