ताई, तुमच्या पत्त्यावर नाव लावाल का?

गेल्या रविवारी संध्याकाळी तासगावच्या एका मुलाचा फोन आला. तो इथे श्टुटगार्टला मास्टर्ससाठी नुकताच आलाय. त्याची मावशी आणि माझी आई सांगलीत एकाच भिशीत आहेत, ओळख एवढीच. थोडं इकडचं तिकडचं झाल्यावर तो अडखळत म्हणाला, “ताई, एक विनंती होती. फक्त कागदोपत्री तुमच्या पत्त्यावर माझं नाव लावाल का? राहायला येणार नाही मी, तुम्हाला त्रास काहीच नाही.”

मी नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्याच्या आईचा व्हॉइस मेसेज आला. “तुम्ही आमच्याच म्हणून हक्कानं मागितलं हो,” एवढंच बोलून त्या थांबल्या, रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग माझ्या आईचा फोन. “अगं, कागदावर नाव लिहायला आपलं काय जातं?” आईला मी फोनवर धड उत्तर देऊ शकले नाही. आठवडाभर तेच डोक्यात आहे, म्हणून लिहून काढतेय.

आमच्या सांगलीच्या घराचं लाईटबिल अजून आजोबांच्या नावावर येतं. त्यांना जाऊन सव्वीस वर्षं झाली. त्याच बिलाच्या झेरॉक्सवर बाबांनी गॅसचं कनेक्शन घेतलं, दादाचं लायसन्स निघालं, माझं बँकेतलं पहिलं खातं उघडलं. माझ्या आधारवर आजही तोच पत्ता आहे, आणि त्या घरात मी सलग महिनाभर राहिले त्याला बारा वर्षं होऊन गेली. मधली सहा वर्षं मी पुण्यात भाड्याने राहिले. अकरा महिन्यांचा रजिस्टर केलेला करार हातात होता, पण मालकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आमचा पत्ता कुठे द्यायचा नाही. मलाही त्यात वावगं वाटलं नाही. पत्ता म्हणजे आपलं मूळ घर, सणाला जिथे जायचं ते. मध्ये आपण कुठे का राहीना.

जर्मनीत पत्ता म्हणजे तुम्ही आज रात्री कुठे झोपणार आहात ते. घर बदललं की दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या नागरिक कार्यालयात जाऊन नोंद करायची. याला आनमेल्डुंग म्हणतात. मूळ जर्मन असो की कालच विमानातून उतरलेला, सगळ्यांना सारखंच. नोंद झाली की शिक्क्याचा एक कागद मिळतो, आणि पुढची सगळी दारं त्या एका कागदाने उघडतात. बँका तोच कागद मागतात. देशात राहायच्या परवान्याचं कार्ड करायला गेलं की तोच पुढे करायचा. कर खात्याचा अकरा आकडी नंबर तर या नोंदीनंतरच निघतो आणि टपालाने घरी येतो. तो नंबर ऑफिसला दिला नाही की सहाव्या वर्गाने कर कापतात, म्हणजे सगळ्यात जास्त.

ही नोंद करायला भाडेकरार चालत नाही. घर देणाऱ्याने भरून सही केलेला वेगळा कागद लागतो. त्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. हे नाव पाठ करायला मला महिना लागला. मजकूर मात्र एका पानात मावतो. घर कुणाचं, पत्ता काय, कोण राहायला आलं आणि कोणत्या तारखेला. ही अट 2002 साली काढून टाकली होती, आणि 1 नोव्हेंबर 2015 पासून नव्या कायद्याने परत आणली. कारण मधल्या काळात नसलेल्या पत्त्यांवर, न राहणाऱ्या माणसांच्या नोंदी व्हायला लागल्या होत्या. आता वेळेत नोंद केली नाही तर 1,000 युरोपर्यंत दंड आहे. आणि कुणी राहत नसताना त्याला आपला पत्ता नोंदीसाठी दिला तर 50,000 युरोपर्यंत. आई, आपलं काय जातं त्याचं उत्तर हे.

पण खरं सांगायचं तर रविवारी फोनवर मला दंड आठवला नव्हता. मला 2018 चा ऑक्टोबर आठवला.

मी इथे आले तेव्हा श्टुटगार्टच्या बाड कान्श्टाट भागात एक खोली मिळाली होती, तिसऱ्या मजल्यावर, महिना 520 युरो. ज्याने दिली तो स्वतःच भाडेकरू. चावी देताना तो म्हणाला, राहा, पण आनमेल्डुंग मिळणार नाही. त्याने त्याच्या मालकाला विचारलंच नव्हतं. कायद्याने पाहिलं तर पोटभाडेकरूला तो कागद द्यायची जबाबदारी त्याचीच होती, पण हे मला तेव्हा कुठून कळणार? खोली मिळतेय हेच खूप होतं. टपालपेटीवर नाव लावायचीही बंदी होती. इथे पोस्टमन घरनंबर बघून पत्र टाकत नाही. फ्लॅटला नंबरच नसतात. बेलच्या बटणाशेजारी आणि पेटीवर आडनाव असेल तर पत्र पडतं, नसेल तर परत जातं. अडीच महिने मी त्या घरात जेवले, झोपले, तापाने फणफणले, आणि कागदावर मी देशात कुठेच नव्हते. खातं नाही, कराचा नंबर नाही. पहिला पगार ऑफिसच्या मॅनेजरने मला चेकने घ्यायला लावला आणि त्यातला कर सहाव्या वर्गाने कापला गेला. ते पैसे पुढे परत मिळाले. पण डिसेंबरच्या थंडीत जाडसर कोट घ्यायला पैसे नव्हते, ते दिवस विसरत नाहीत.

कुणी म्हणेल, दोन आठवड्यांचा नियम मीही मोडला. मोडला. पण कुणाच्या खोट्या सहीवर मोडला नाही. मी रोज नवीन खोली बघत होते. शनिवार-रविवारी एकेका घराच्या जिन्यात वीस वीस जणांच्या रांगेत उभी राहिले आहे.

तेव्हा मी आपल्याच मंडळातल्या एका दादांना हेच विचारलं होतं, जे त्या मुलाने मला विचारलं. जवळजवळ त्याच शब्दांत. ते म्हणाले, “बाई गं, हे सोडून काहीही माग.” त्यांनी मला प्रेशर कुकर दिला, त्यांच्या बायकोचा जुना कोट दिला, दर शुक्रवारी जेवायला बोलावलं. मी गेले नाही. मंडळाच्या दिवाळीत ते समोर आले तर मी मान फिरवली. परदेशात आपलाच माणूस कायद्याकडे बोट दाखवतो, याचा मला इतका राग आला होता की कोटाची किंमत मला कळली नाही. पुढे तीन वर्षांनी मी त्यांची माफी मागितली. त्यांना तो प्रसंग आठवतही नव्हता, किंवा त्यांनी तसं दाखवलं.

जानेवारीत श्टुटगार्टच्याच फॉयरबाख भागातलं हे घर मिळालं. मालकीणबाई शेजारच्या एसलिंगेन गावात राहतात. तेव्हा वय अठ्ठ्याहत्तर. पहिल्या दिवशी त्यांनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसवलं, चष्मा पुसला, शाईचं पेन काढलं आणि तो एक पानी कागद समोर ठेवला. माझं आडनाव रोमन अक्षरांत लांबलचक होतं. त्यांनी एकेक अक्षर मला विचारून लिहिलं. मी अक्षर सांगायचं, त्यांनी ते पुन्हा म्हणायचं, मी मान हलवली की मग लिहायचं. तारखेच्या रकान्यात त्यांनी मला विचारलं, “आज रात्री तुम्ही इथेच झोपणार ना?” मी हो म्हणाले. मग त्यांनी आजची तारीख घातली आणि सही केली. त्यानंतर फूटपट्टी घेऊन खाली गेल्या, बेलच्या पाटीवरची खाच मोजली आणि माझ्या नावाची पट्टी स्वतः टाइपरायटरवर काढून आणली. आडनाव मावेना, तर अक्षरं जवळ जवळ ठोकून दुसऱ्यांदा टाइप केली. आडनाव छोटं करूया असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.

पुण्याच्या सहा वर्षांत मला एकाही मालकाने असं नाव लावून दिलं नव्हतं. हे लिहिताना बरं वाटत नाही, कारण तिथले शेजारी मी आजारी पडल्यावर मऊ भात घेऊन यायचे, आणि इथे शेजाऱ्यांची पहिली नावं कळायला मला दोन वर्षं लागली. आपल्याकडे माणूस कागदावर नसला तरी शेजाऱ्यांच्या लेखी असतो. तलाठ्याचा रहिवासी दाखला काढायला गेलं तरी चावडीवर चार माणसं म्हणतात, अहो ही तर अमक्याची नात, आणि दाखला मिळतो. त्या ओळखीवरच आपलं अर्धं आयुष्य सुरळीत चालतं. ते काही खोटं नाही. इथे ती ओळख नाही म्हणून इतका कागद लागतो, असं मी इथल्या मैत्रिणींना सांगते, आणि ते मला मनापासून पटतं.

नोंद करायला गेले तेव्हा खिडकीतल्या बाईंनी मला आधीचा पत्ता विचारला. मी खरं ते सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, दोन सेकंद थांबल्या आणि म्हणाल्या, पुढच्या वेळी असं झालं तर सरळ आमच्याकडे या, मालक कागद देत नसेल तर तेही आम्हाला कळवायचं असतं. मग धर्म विचारला. मी ताठ बसून हिंदू म्हणाले. तो प्रश्न चर्चच्या करासाठी असतो, या राज्यात आयकराच्या 8 टक्के, हे मला नंतर कळलं. मग शिक्का पडला. कागद हातात घेऊन मी ट्रामच्या थांब्यावर बसले आणि माझं नाव आणि खालचा पत्ता चार वेळा वाचला.

मग टपाल यायला लागलं. कराचा नंबर आला, बँकेचं कार्ड एका पाकिटात आणि पिन दुसऱ्यात आला, रेडिओ-टीव्हीची वर्गणी भरा म्हणून पत्र आलं. टीव्ही नसला तरी ती घरामागे द्यावी लागते, सध्या महिना 18.36 युरो. आणि एका सोमवारी माझ्या दाराच्या कडीला एक पाटी लटकलेली दिसली. केअरवोखे. या श्वाबेन भागाची ही जुनी रीत आहे. या आठवड्यात जिना आणि दारासमोरची वाट झाडायची पाळी तुमची. शेजारच्या आजोबांनी माझं नाव बेलवर वाचलं होतं आणि पाटी माझ्या दाराला आणून लावली होती. मी जिना झाडला, पुसला, कोपऱ्यातलं जळमट काढलं. आपल्याकडे अंगण झाडून सडा घालतात तसा. तेव्हा मला वाटलं, आता मी इथे राहते.

म्हणून त्या मुलाला नुसतं नाव लावून देणं मला जमेना. त्याचं पत्र माझ्या पेटीत पडेल, ते मी फोटो काढून त्याला पाठवीन, आणि तो कुठेतरी सहा जणांच्या हॉस्टेलच्या खोलीत रात्रीचे पैसे भरत राहील. त्याच्या नावाने जिना झाडायची पाळी कुणाच्या दाराला लागणार?

पण नाही म्हणून गप्प बसणंही मला जमलं नाही. मला जे दादांकडून हवं होतं ते कायद्यात बसत नव्हतं, हे मी आता मान्य करते. तरी त्या डिसेंबरमध्ये मला कोटापेक्षा खोलीची गरज होती. आमच्याकडे अडीच खोल्या आहेत. अर्ध्या खोलीत इस्त्रीचं टेबल, दोन मोठ्या बॅगा आणि ह्यांची सायकल आहे. मंगळवारी रात्री आम्ही दोघं बोललो. ह्यांनी सायकल तळघरात नेऊन ठेवली.

व्हिसासाठी त्या मुलाने आधीच पैसे भरून ठेवलेल्या बंद खात्यातून त्याला महिन्याला 992 युरो सुटतात, तेही चालू खातं उघडल्यावर. दर सेमिस्टरला 1,500 युरो फी आहे, या राज्यात युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना भरावी लागते. त्यात खोलीचं भाडं कसं बसवायचं? आम्ही त्याला म्हणालो, डॉर्मिटरीत नंबर लागेपर्यंत तू खरोखर राहायला ये. मग मी सही करीन, कारण मग ते खरं असेल. तो फोनवर काही बोललाच नाही. मग म्हणाला, “ताई, मी जिनापण झाडीन.” त्याला केअरवोखे मी सांगितलं नव्हतं, कुणीतरी सांगितलं असावं.

त्याला ठेवायला मालकीणबाईंची परवानगी लागते, न विचारता ठेवलं तर मीही त्या कान्श्टाटच्या माणसासारखीच. त्या आता पंचाऐंशीच्या आहेत. ईमेल वापरत नाहीत, फोनवर नीट ऐकू येत नाही. मंगळवारीच मी त्यांना पत्र लिहिलं. मुलाचं नाव, युनिव्हर्सिटी, किती महिने, आणि त्याचं आडनाव एकेक अक्षर सुटं करून. बुधवारी सकाळी ऑफिसला जाताना पेटीत टाकलं.

आज शनिवार आहे. आमचं टपाल अकराच्या सुमाराला येतं.