काजूगरांची गोधडी

वेंगुर्ल्यातील माझ्या शिवणयंत्रावर ब्लाउज आणि शाळेच्या गणवेशांबरोबर आता चाळ्याच्या गोधड्याही होतात. डिमेन्शिया, म्हणजे स्मृती आणि समज हळूहळू ओसरत जाण्याचा विकार, झालेल्या व्यक्तीचे हात पुष्कळदा स्वस्थ राहत नाहीत. पदर चुरगाळणे, अंथरुणाचे दोरे उसवणे, बटणे ओढणे असे काहीतरी अखंड चालू असते. त्या हातांना काम मिळावे म्हणून मांडीवर मावेल अशी, साधारण 60 सेंटिमीटर लांबी-रुंदीची गोधडी शिवून तिच्यावर चेन, वेल्क्रो, खिसे, खरखरीत आणि मऊ कापडांचे तुकडे पक्के बसवतात.

एका सुनेने आपल्या सासूबाईंसाठी अशी गोधडी सांगितली, तेव्हा आजींच्या दोन्ही अंगठ्यांजवळची कातडी सोलून लाल झाली होती. त्वचेचा आजार नसल्याचे डॉक्टरांनी सांगितले होते. दिवसभर त्या तर्जनीच्या नखाने ती जागा खरवडत आणि तिन्हीसांजा झाल्या की घरी जायचे म्हणून उठत. असत मात्र स्वतःच्याच घरात. मी नेहमी आधी विचारते तेच विचारले, की त्या पूर्वी काय काम करत. उमेदीची सगळी वर्षे त्यांनी काजूच्या कारखान्यात काजूगर सोलले होते.

बी फोडून काढलेला गर उष्णतेने वाळवला की त्यावरची तांबूस साल सैल होते आणि ती गर न मोडता बोटांनी किंवा छोट्या सुरीने काढावी लागते, कारण अखंड गराचा भाव तुकड्याला येत नाही. एका पौंडात 300 ते 320 गर भरतात तो 320 नंबरचा माल आणि 220 ते 240 भरतात तो 240 नंबरचा. अखंड गरांची प्रतवारी मुख्यतः अशी आकारावर चालते, म्हणून सोलणारीचा हात हलका असावा लागतो. आजींना डिमेन्शियाचाच एक प्रकार, अल्झायमर होता. या आजारात नव्या घटनांची नोंद ठेवणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, लवकर ग्रासला जातो. सरावाने हातात बसलेली हालचाल मात्र मुख्यतः मेंदूतल्याच बेसल गँग्लिया आणि सेरिबेलम या भागांवर अवलंबून असल्याने तुलनेने उशिरापर्यंत टिकते. आजी काय करत होत्या, हे मग निराळे सांगावे लागले नाही.

अडचण एवढीच होती की जे द्यायला हवे, तेच देण्यात धोका होता. गरासारखी दिसणारी सुटी वस्तू त्यांनी तोंडात घातलीच असती, आणि ती घशात अडकली असती. म्हणून कापूस भरलेले, गराच्या बाकाचे पण बरेच मोठे उंचवटे अस्तरापर्यंत दुहेरी शिलाईने पक्के केले आणि प्रत्येकावर तपकिरी साटीनचे झाकण एका कडेने शिवून दुसरी कडा वेल्क्रोच्या बारीक तुकड्याने चिकटवली. नखाने कड उचलली की झाकण सालीसारखे उलटावे, पण निघू नये. खालचे कापड मुद्दाम बिनबुट्ट्यांचे घेतले, कारण छापील ठिपकेही अशी माणसे वेचू पाहतात. आत जुन्या सुती साडीचा एकच थर ठेवला. आपल्याकडच्या पावसात जाड गोधडी वाळत नाही, तिला बुरशी धरते, आणि ही तर वरचेवर धुवायची.

गोधडी द्यायला मी संध्याकाळीच गेले. आजींनी ती मांडीवर घेतली, थोडा वेळ नुसता हात फिरवला आणि मग पहिल्या झाकणाखाली नख गेले. ओळीमागून ओळ उलटत गेली. शेवटचे झाकण उघडल्यावर त्यांनी गोधडी सुनेकडे सरकवली आणि स्पष्ट आवाजात म्हणाल्या, “वजन कर गो, माका घराक जावचा आसा.” सोललेल्या मालाचे वजन झाल्याशिवाय मजुरी लागत नाही आणि सुटीही नाही, हे त्या घरात सर्वांना माहीत होते. सून गोधडी घेऊन आत गेली, झाकणे लावली, बाहेर येऊन “वजन झाला, आये,” म्हणाली. आजी उठल्या नाहीत. त्यांनी पुन्हा हात पुढे केला, म्हणून तीच गोधडी त्यांना परत दिली.

मुलगा दारातून हे पाहत होता आणि त्याला ते मुळीच आवडले नाही. ज्या कामाने आईची पाठ मोडली, तेच तुम्ही तिला म्हातारपणी परत करायला लावता, असे तो मला रोखठोक म्हणाला. माझ्याकडे त्याचे पुरते उत्तर नव्हते आणि आजही नाही. अंगठ्यांची जखम भरते की नाही ते पाहू, एवढेच मी सांगितले; जखम भरली. तरी त्याचे म्हणणे मला चुकीचे वाटत नाही. कष्ट आणि कसब एकाच हातात असतात, आणि आजींना त्यांतले काय आठवत होते, हे आम्हांपैकी कोणालाच कळणार नव्हते.

त्याच्या आग्रहावरून मी एका कडेला अबोलीच्या रंगाच्या फितीची, दोन्ही टोकांना शिवलेली वेणी जोडली, कारण आई सणावाराला वेण्या करायची हे त्याला आठवत होते. पुढे गोधडी दुरुस्तीला आली तेव्हा झाकणांच्या कडा विरून गेल्या होत्या आणि वेणी कोरी होती. मी झाकणे बदलली. वेणी काढून तिथे आणखी एक ओळ घालू का, असे विचारले, तेव्हा मुलगा नको म्हणाला.